चुकलेला चकवा

सकाळच्या उन्हात चित्रा भराभर पुढे चालली होती आणि अशोकराव तिच्या मागे. गेल्या थंडीत त्यांनीच आपल्या या बायकोला अग्नी दिला होता. त्यामुळे ही चित्रा नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हा चकवा. सावंतवाडीकडच्या रानातला. ओळखीच्या माणसाचं रूप घेतो, वाट चुकवतो आणि माणूस पडेस्तोवर चालवतो. पुतणी अबोली परवा गावाहून कोकमं घेऊन आली, त्याच पिशवीतून चंडीगढला पोचला असणार. उपाय तिकडच्या पोराटोरांनाही माहीत असतो. अंगातला शर्ट काढून उलटा घालायचा. रूप गळून पडतं, वाट सापडते.

अशोकरावांचा हात बटणाशी गेला. तेवढ्यात तिनं मागे वळून पाहिलं. तेच नाक, तोच खांद्यावर पिन लावलेला पदर. हात खाली आला.

सेक्टर बावीसचं मार्केट मागे पडलं. एक चौक गेला, दुसरा गेला. तशीच झाडं, तशीच विटांची घरं, तसेच सरळ रस्ते. मग पुन्हा तेच मार्केट. अशोकरावांना धाप लागली. तरी ते चालत राहिले.

पुढच्या चौकात चकवाच थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, आपण कुठे आलो?"

अशोकराव खो खो हसत सुटले. थंडीनंतर पहिल्यांदाच. ते हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दोघं इथेच राहिली, पण चित्राला हे शहर काही कळलं नाही. कोथिंबीर आणायला जायची आणि फोन करायची, "मी गोल चौकात उभी आहे, न्यायला या." इथले चौक सगळे गोलच. अशोकराव स्कूटरवरून एकेक धुंडाळत फिरायचे.

"लेका, रूप घेतलंस ते घेतलंस," ते म्हणाले, "वर तिचं डोकंही घेतलंस होय?"

चकवा रडकुंडीला आला. "पाया पडतो तुमच्या. शर्ट उलटा घाला. मला सुटू द्या."

अशोकरावांनी गळ्याशी उघडं राहिलेलं बटणही लावून टाकलं.

"हलू नकोस हं इथून," ते म्हणाले. "स्कूटर घेऊन येतो."