मराठी दिनाचं भाषण

डब्याचं झाकण कटकन लागलं, तशी ओवी एका दमात भाषण म्हणू लागली, “आपली जिल्हा परिषदेची शाळा वाचवा...”

तिच्या पाटोद्यातल्या इंग्रजी शाळेत आज मराठी दिनाची भाषणं होती. दुपारी धाकटा झोपला की दिपाली लेकीसाठी हे भाषण जीव ओतून लिहीत बसायची. तेही इंग्रजी अक्षरांत, कारण तिसरीतल्या ओवीला मराठी वाचताना अजून ठेचा लागायच्या.

“दारातली शाळा सोडून लेकरू पाटोद्याला धाडलं, अन् आता तिचंच गुणगान व्हय गं?” सासूबाई म्हणाल्या.

“पहिला नंबर येऊ द्या आत्या, तुमीच गावभर सांगत फिराल,” ओवीच्या वेणीला रिबीन बांधत दिपाली हसली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. गल्लीतल्या लेकरांनी खच्चून भरलेली पाटोद्याची पिवळी गाडी समोरच्या जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापुढं येऊन थांबली होती. दिपालीनं लेकीला हात धरून वर चढवलं.



गाडीच्या दारातूनच ओवी मागं वळली, “मम्मी, पण ती शाळा कुणापासून वाचवायची?”