बाळाचं पाणी

स्वयंपाकघरातल्या नळाला रुमाल बांधलेला होता. रात्री दहानंतर कुणी तोटीला हात लावू नये म्हणून सासूबाईंनीच तो बांधला होता, दोन गाठी मारून.

“सोडा आता,” पाणी तपासणारी म्हणाली. तिने पिशवीतून बाटली काढून तोटीखाली धरली. “एक थेंबही आधी सांडायचा नाही. मला पहिलंच पाणी हवंय.”

“बाटली तरी स्वच्छ आहे ना तुमची?” कडेवरच्या नातीला सावरत सासूबाईंनी विचारलं.

“अहो आई,” सून ओशाळली, “त्यांचं कामच आहे ते.”

“असू दे. विचारलेलं बरं.”

नात अकरा महिन्यांची. घरात तिला ठकी म्हणत. ती आजीच्या खांद्यावर मान टाकून होती. मागच्या महिन्यापर्यंत एकटी बसून चमच्याने ताटली बडवायची. आता बसवलं की कलंडत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. बरंच निघालं. ते आलं कुठून, हे शोधायला ही बाई सकाळी साडेसहाला दारात उभी राहिली होती.

बाटली भरली. बाईंनी वेळ लिहिली आणि कागद पुढे ओढला.

“बाळाचं दूध?”

“पावडरचं,” सून म्हणाली. “मी कामावर जाते. आईच करतात सगळं.”

“पाणी याच नळाचं?”

“याच नळाचं, पण असंतसं नाही हो,” सासूबाई पुढे झाल्या. “सगळ्यांच्या आधी उठते मी. पहिल्या धारेचं पाणी ठकीचं. हसू नका, पहिल्या धारेचं म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंच येतं! रात्रभर निवांत असतं ते, कुणी नळ उघडलेला नसतो. नंतरचं आम्ही मोठी माणसं पितो. आम्हाला काय धाड भरलीय?”

बाईंचं पेन थांबलं.

“आणि उकळता?”

“उकळते? आटवते! ही म्हणाली होती, वीस मिनिटं उकळा. शिकलेली सून सांगतेय म्हटल्यावर ऐकलं. पण वीस मिनिटांनी काय होणार? जंतू काय घड्याळ बघतात?” त्यांनी ओट्यावरचं पातेलं उचलून बाईंपुढे तिरकं केलं. आत निम्म्या उंचीवर सुरीने ओरखडा काढलेला होता. “भरून ठेवायचं, आणि पाणी इथवर उतरल्याशिवाय गॅस बंद करायचा नाही. सहा महिन्यांत एक दिवस चुकले नाही. ताप होता तेव्हासुद्धा नाही.”

बाईंनी पातेल्यात पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. कागदावर काहीच लिहिलं नाही.

सून त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली. बाईंनी मागे वळून दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं.

“अहवाल आठ दिवसांनी येईल. पण तोवर या नळाचं पाणी बाळाला देऊ नका. इमारतीचे पाइप शिशाचे आहेत, खालच्या दोन घरांत निघालंय.”

“उकळूनही नको?”

“उकळून तर नकोच.” बाई बाटलीचं घट्ट झाकण आणखी पिळत राहिल्या. “रात्रभर पाइपात साचलेलं पहिलं पाणी सगळ्यात वाईट, ताई. आणि उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं, ते मागे राहतं. निम्मं आटवलं की…”

“दुप्पट,” सून म्हणाली.

हे तिला येत होतं. कॉलेजात तिचा विषयच रसायनशास्त्र होता. पेपरात असंच गणित आलं असतं तर तिने ते दोन ओळींत सोडवलं असतं. घरी रोज सकाळी पातेल्यातून वाफ निघायची आणि ती डबा भरत बाजूला उभी असायची.

“आजींना मी सांगू का?”

“नको.”

बाई दोन पायऱ्या उतरल्या.

“बरी होईल ना हो ती?”

“मी पाणी तपासते, ताई,” बाई खालूनच म्हणाल्या. “डॉक्टरांना विचारा.”

सून आत आली. सासूबाई ओट्याशी तशाच उभ्या होत्या, नात कडेवर.

“काय म्हणाली गं? लपवू नकोस. जिन्यात इतका वेळ कुणी नमस्कार करत नाही.”

“पाइप जुने आहेत, आई. शिशाचे. दोष त्यांचाच. आजपासून तिला विकतचं पाणी द्यायचं.”

“म्हणजे पाण्यातूनच गेलं.”

“हो.”

“मीच पाजलं.”

“पाइपातून आलं, आई. तुम्ही काय करणार होता?”

सासूबाईंनी चटईवर उशा लावल्या आणि ठकीला मधे बसवलं. हात काढला. ठकी क्षणभर सरळ राहिली, मग हळूहळू डावीकडे झुकत उशीवर टेकली. रडली नाही. त्यांनी तिला पुन्हा सरळ केलं. ती पुन्हा कलंडली. सून भिंतीला पाठ लावून बघत राहिली.

“आळस केला मी,” सासूबाई म्हणाल्या. “निम्म्यावरच थांबले.”