काकांची माचीस
समता कॉलनीतले आमचे शेजारी तुळशीरामकाका हिवाळ्यात रोज सकाळी फाटकापाशी वाळका पाला पेटवून हात शेकायचे. धुराला कंटाळून मीच नाव न देता पालिकेत तक्रार केली. उघड्यावर जाळायला मनाई असल्याची नोटीस आली, तेव्हा काकांनी आपली माचीस माझ्याच हातात दिली. "हे तुयाजवळ ठेव, पोरी. मायाजवळ राहिली तं मी पेटवतोच." त्याच जानेवारीत ते गारठ्यानं वारले. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या फाटकापाशी पाल्याचा झाडून केलेला ढीग दिसतो, न पेटवलेला. त्यांची हिंदीभाषक सून म्हणते, "दीदी, हमारे यहाँ तो अब कोई झाडू नहीं लगाता." काल मी माचीस त्या ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "काका, पेटवा. तक्रार मीच केलेली." आज ढीग तसाच होता. माचीस माझ्या कुंपणावर होती, दवानं भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेली.