मशीनचं दुखणं

"बाई, हे खोडलेले सभासद अजून फायलीतच बसलेत की!" नांदेडहून कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला नागनाथ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

 कावेरीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर तिचे सासरे माणिकराव सकाळपासून बसले होते. सुनेला न्यायला आले होते.

परभणीच्या त्या बियाणे सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा मॅनेजर अण्णासाहेबांनी त्याला हार घातला होता. त्या खोलीत आजही चपला घालून कुणी जात नसे. हौस दांडगी, पण मशीन चालवता येई ती एकट्या कावेरीला. आधी फक्त परभणीचे सभासद होते. मग सेलू, सोनपेठ, पूर्णा इथल्या शाखा जोडल्या, दर हंगामाच्या नोंदी चढत गेल्या आणि मशीन गाभण म्हशीसारखी जड चालू लागली. एखाद्याचं नाव शोधायला सांगावं आणि खुशाल चहा पिऊन यावं.

मशीनच्या या दुखण्यावरच कावेरी तगून होती.

उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं, किशनरावानं, तिचा राजीनामा स्वतः लिहून तिची सही घेतली होती. त्याच्याच मारानं तिचं बोट मोडलं होतं, सही वाकडी आली. भावानं माहेरचं दार अर्धंच उघडलं आणि "नवरा हाय, सोसावं लागतंय," म्हणून लावून घेतलं. अण्णासाहेबांना मारहाणीचं काही ठाऊक नव्हतं. राजीनामा हाती पडला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी मशीन सुरळीत करून द्या, मग मोकळं करतो. माझ्याकडं दुसरं कोण हाय?" अण्णासाहेबांपुढं किशनरावाचं चालेना. तेव्हापासून कावेरी ऑफिसमागच्या खोलीत राहत होती आणि मशीन काही सुरळीत होत नव्हती.

व्हायची कशी? खोडलेलं नाव फायलीतून जात नाही, नुसती खूण लागून पडून राहतं. एक हुकूम दिला की असली सगळी नावं कायमची झाडली जातात आणि फाईल हलकी होते. हा हुकूम कावेरीला पाठ होता. तिनं तो दिलाच नव्हता. जुन्या वर्षांच्या नोंदी फ्लॉपीवर काढून ठेवायच्या, त्याही तिनं आतच ठेवल्या होत्या. लबाडी म्हणा हवं तर. बुडत्याला काडी सापडली, तिनं धरली.

दर शनिवारी माणिकराव वालूरहून एसटीनं येत. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात गाड्या थांबल्या, त्या शनिवारीसुद्धा म्हातारा सेलूपर्यंत पायी येऊन रेल्वेनं परभणीला पोचला. बोलणं ठरलेलं.

"किशननं धाडलंय. झाली का मशीन नीट?"

"न्हाई, मामा."

"लय मोठा बिघाड हाय का?"

"मोठा हाय."

"नक्की ना? उद्या-परवा नीट व्हायची न्हाई ना?"

असं खोदून खोदून विचारलं की कावेरीला घाम फुटे. मग म्हातारा चहासुद्धा न घेता उठे. यापेक्षा पोलीस बरे, असं तिला वाटे.

पण अण्णासाहेब तरी किती कळ काढणार? शेवटी त्यांनी नागनाथला बोलावलं.

"झाडायचा हुकूम ठाऊक नव्हता तुमाला?" नागनाथनं विचारलं.

"कुणी शिकवलं नाही."

"बाकी सगळं तर एवढं नेटकं बांधलंय." त्यानं तिच्याकडं जरा रोखून पाहिलं, मग खांदे उडवले. "आपल्याला काय!"

त्यानं बटणं दाबली. मशीन गुरगुरू लागली.  भिंती चहूबाजूंनी सरकत जवळ येताहेत असं कावेरीला वाटलं. दुपारपर्यंत जुनी वर्षं फ्लॉप्यांवर गेली. अण्णासाहेबांनी एका सभासदाचं नाव सांगितलं आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत ते पडद्यावर आलं.

"वा रे पठ्ठ्या!" त्यांनी शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. मग ड्रॉवरमधला राजीनामा काढून मंजुरीची सही केली. "घ्या बाई. शब्द दिला होता, मोकळं केलं तुमाला. सासरे कवाचे ताटकळलेत."

सगळं ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण घरची अब्रू चव्हाट्यावर मांडून पुन्हा त्याच घरात जायचं होतं. तिनं कागद घेतला आणि पदर डोक्यावर ओढून बाहेर आली.

बाकावर म्हातारा नव्हता. त्यानं जायला निघालेल्या नागनाथला अंगणातल्या लिंबाखाली गाठलं होतं. मशीन खरंच बरी झाली का, याची खात्री करून घेत असणार. सुनेला पुढं सबब उरायला नको ना! कावेरी मुकाट्यानं त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.

माणिकरावांनी एकवार डावीकडं-उजवीकडं पाहिलं, धोतराच्या कनवटीची गाठ सोडली आणि आवाज खाली आणून विचारलं, "सायब, तेवढी मशीन पुन्यांदा बिघडवून द्यायचं काय घ्याल?"