खर्च कुठे झाला

"हा ब्रोकर शेअर घ्यायला एक छदामही घेत नाही," बोयको म्हणाला. "वर डेबिट कार्ड फुकट. कार्डाने खर्च केलास की त्यातला एक टक्का तुझ्याच गुंतवणुकीत परत. आणखी काय हवं तुला?"

"खर्च झाला की फोनवर काय येतं?" झहारीने विचारलं.

"रक्कम येते."

"दुकानाचं नाव? गाव?"

"ते नाही."

"मग पुढचा दाखव."

बोयकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीस वर्षं बँकेत काढली त्याने, पण असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. झहारीने बल्गेरियातल्या त्यांच्या रूसे गावाबाहेरचा द्राक्षमळा विकला होता. ते पैसे कुठल्या ब्रोकरकडे ठेवावेत, यावर दोघा म्हाताऱ्यांचा तिसरा आठवडा चालला होता.

"लोक दलाली विचारतात, तू गाव विचारतोस. बायकोवर पाळत ठेवायचीय का?"

"योर्दांकावर? दर गुरुवारी बहिणीकडे जाते, तेवढीच बिचारीची चैन."

शेवटी चौथा ब्रोकर पसंत पडला. त्याची दलाली सगळ्यांत जास्त, कार्डालाही दरमहा पैसे. पण खर्च होताच दुकान आणि गाव, दोन्ही फोनवर यायचं. बोयकोने कपाळाला हात लावला.

कार्ड आलं. झहारीने ते पाकिटात घातलं आणि वर व्हॅलेन्सियामधल्या एका हॉटेलचा पत्ता लिहिला, तेव्हा कुठे बोयकोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"प्लामेनला?"

झहारीने मान डोलावली.

नऊ वर्षांपूर्वी प्लामेनने एका घटस्फोटित बाईला घरी आणलं होतं. भरल्या टेबलावर झहारी तिला नको ते बोलला आणि मुलाला म्हणाला, "हिच्याबरोबर जायचं तर परत तोंड दाखवू नकोस." मुलाने शब्द पाळला. स्पेनमधल्या त्या हॉटेलात तो काम करतो, एवढंच पुढे कोणाकडून तरी कळलं. झहारीच्या पत्रांना उत्तर आलं नाही. योर्दांका तर मुलाचं नावही काढत नसे.

"घेईल तो तुझे पैसे?" बोयकोने विचारलं.

"पैशांचं काय घेऊन बसलास! कुठेतरी पाव विकत घेतला, एवढं दिसलं तरी पुरे. जिवंत आहे हे तरी कळेल."

चिठ्ठीत त्याने कार्डाचा गुप्त आकडा लिहिला आणि खाली एकच ओळ: 'तुझंच आहे. उत्तर नको.'

मग फोन त्याच्या हातून सुटेना. न्हाणीघरात फोन, उशीखाली फोन.

"शेअरनी वेड लावलंय तुला," योर्दांका करवादायची. "जेवताना तरी खाली ठेव तो."

तो फोन मांडीवर ठेवून जेवत राही. तिला सांगावं आणि कार्ड तसंच परत यावं, ही भीती होती. तिचं काळीज दुसऱ्यांदा फोडायचं नव्हतं त्याला.

महिना गेला. सहाव्या आठवड्यात, गुरुवारी भरदुपारी, तो एकटाच घेवड्याचं सूप वाडग्यात ओतत असताना फोन वाजला.

खेळण्यांचं दुकान. रूसे.

त्याने पुन्हा वाचलं. स्पेन नव्हे. रूसेच. दुकानही ओळखीचं, घरापासून दहा मिनिटांवरचं.

सूप तसंच टाकून तो घरातल्या सपातांवरच निघाला. हसावं की रडावं, कळत नव्हतं. वाटेत कोणीतरी हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही. काय बोलायचं, ते तो मनात जुळवत होता. आधी त्या बाईची माफी मागायची. मग मुलाची.

दुकानाच्या काचेतून प्लामेन दिसला. डोक्यावरचे केस गेलेले, अंग भरलेलं, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच. शेजारी ती बाई. दोघांमध्ये पाचेक वर्षांची एक मुलगी लाकडी घोडा कवटाळून उभी. आणि तिच्यापुढे गुडघे टेकून, सवयीच्या हातांनी तिच्या कोटाची बटणं लावत होती ती योर्दांका.

झहारीने दार ढकललं.

योर्दांकाने वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. प्लामेनचा हात थबकला; हातात झहारीचंच पाकीट होतं, हॉटेलचा पत्ता खोडून कोणीतरी त्यावर रूसेचा पत्ता घातलेला.

मुलगी मात्र म्हाताऱ्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिने योर्दांकाची बाही ओढली.

"आजी, हे तर आपल्या फोटोतले आजोबा! तू तर म्हणालीस, ते मी जन्मायच्या आधीच मेले."