लेबलावरचा भोपळा

भोपळे उमटवून झाले आणि काम अडलं.

सुंदरम्मा आणि शेजारची रुद्राणी सकाळपासून ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात पुठ्ठ्याची कोरी लेबलं, दोन रबरी शिक्के आणि शाईचे दोन पॅड, एक नारिंगी, एक काळा. पहिला शिक्का गरगरीत भोपळ्याचा. तो वाळला की त्यावर दुसरा मारायचा, डोळे-नाक-दातांचा. अमेरिकेत म्हणे दिवाळीच्या सुमाराला भुतांचा सण असतो. तेव्हा भोपळा कापून त्याला तोंड करतात आणि आत दिवा लावतात. शहात्तर सालच्या त्या उन्हाळ्यात मुकादम हुसेनसाबनं काम देताना एवढं सांगितलं होतं. लेबलं तिकडं जाणाऱ्या नॅपकिनांना बांधायची होती. नमुन्यापेक्षा केसभर इकडंतिकडं चालणार नव्हतं, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या गल्लीत जायचं.

रुद्राणीनं काळा शिक्का उचलला आणि तशीच थांबली.

"अक्का, ह्ये तर भोपळा कापणंच झालं की."

"मग?"

"मग काय? अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिला घाव घालायचा न्हाय. सासूला कळलं तर जीव घेईल माझा."

शिक्का मारणं म्हणजे सुरी चालवणं नव्हे, हे दोघींनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याला आधी पुरुषानं चिरायचं, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. सुंदरम्मानं उभ्या जन्मात हे कधी मोडलं नव्हतं.

"आमच्या मालकांना हाक मारू का?" रुद्राणी म्हणाली. "गिरणीची पाळी सुटली असंल. एकाला घाव घातला की झालं."

ती सहज बोलली, पण सुंदरम्माच्या काळजाला ते लागलं. आतल्या खोलीत तिचा नवरा शरणप्पा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि मधलं दार सताड उघडं होतं. संक्रांतीला त्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात लुळा. जन्मभर माग चालवलेला माणूस, पण डाव्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नव्हता. आपण संपलो, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. आणि आता तो घरात असताना भोपळ्यासाठी शेजारचा माणूस बोलवायचा?

"आमच्या घरात पुरुष हाय," सुंदरम्मा मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "अवो, जरा भाईर या. भोपळा कापायचाय."

बाजेवरून त्यानं मानही वळवली नाही. तिथूनच म्हणाला, "कशानं कापू? हात कुटं हाय मला?"

"डावा हाय की."

"डाव्या हातानं शुभकाम?"

"भुतांचा सण हाय त्यो. त्यात कसलं आलंय शुभ?"

रुद्राणी फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. बाज करकरली. सुंदरम्मा आधार द्यायला उठली, तर त्यानं तिचा हात झिडकारला. भिंत धरत, पाय ओढत तो बाहेर येऊन बसला. तिनं काळा शिक्का शाईवर टेकवून त्याच्या डाव्या मुठीत दिला. त्यानं तो लेबलावर दाबला. शिक्का पडला तो तिरपाच, एक डोळा भोपळ्याबाहेर आणि दात पार वर चढलेले.

शरणप्पानं ते तोंड निरखून पाहिलं. वारं गेल्यापासून त्याचं स्वतःचं तोंडही असंच एका बाजूला ओढलेलं होतं.

"माझ्यावाणीच दिसतंय बेणं," तो म्हणाला आणि हसला. याआधी तो कधी हसला होता, ते सुंदरम्माला आठवेना. तिला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"झालं एकदाचं," म्हणत रुद्राणीनं शिक्क्यासाठी हात पुढं केला. "द्या अण्णा, आता आमी करतो."

शरणप्पानं मूठ सोडली नाही.

"ह्यो एक झाला. त्यो दुसरा भोपळाबी अख्खाच हाय की. त्याला कोण घाव घालणार? आण म्होरचा."

तो नियमाला धरूनच बोलत होता, म्हणून सुंदरम्मानं पुढचं लेबल त्याच्याकडं सरकवलं. दुसराही तिरपा पडला. तिसऱ्याचं तोंड तर उलटंच झालं. शरणप्पाच्या कपाळावर घाम आला होता, पण तो थांबायला तयार नव्हता. मागावर बसला की त्याला असंच भान नसायचं.

पाणी प्यायच्या निमित्तानं रुद्राणीनं सुंदरम्माला आत रांजणापाशी गाठलं.

"अक्का, सगळी वाकडी पडत्यात. हुसेनसाब तोंडावर मारंल ही लेबलं. काम जाईल की आपलं!"

"न्हाय जात. जादा कोरी लई हायत अजून. ह्ये झोपले की मी बसते आणि सगळी नव्यानं करते."

"आणि त्या भोपळ्यांना पहिला घाव कोण घालणार?"

सुंदरम्मानं बाहेर पाहिलं. कुणी न सांगता शरणप्पा डाव्या हातानं शाईचा पॅड आपल्याकडं ओढून घेत होता.

"मीच घालीन," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नकोस."