दुसरी फेरी

"झालं एकदाचं! आता म्हणावं, मोजा सर!" लिंबानीनं फळ्यावर भला मोठा एकचा आकडा काढला आणि त्याभोवती इतक्या जोरानं गोल केला की खडूचे दोन तुकडे झाले.

वेझीनं कॉम्प्युटरवर पुन्हा पाहिलं. खरंच की! एनेलेसी, डोमासीच्या पलीकडच्या गावची. सोमवारी एक फेरी, काल गुरुवारी दुसरी. सायकलीमागे जोडायची, पेशंटला आडवं झोपवता येईल अशी गाडी लिंबानीनं स्वतः वेल्डिंग करून बनवली होती. फोन करा, गाडी दारात. झोंबा शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या या दोघांचा उद्योग असा तीन महिने चालला होता. फेऱ्या पुष्कळ झाल्या, पण त्यांना कॉलेजची खोली वापरायला देणारे कपांडा सर त्यावर भुलणारे नव्हते. "एकदा काय, अडलेला कुणीही येतो," ते म्हणायचे. "दुसऱ्यांदा येतो तो विश्वासानं. असा एक माणूस दाखवा, नाहीतर शुक्रवारी खोली रिकामी करा." आज शुक्रवार होता आणि सर यायच्या बेतात होते.

"तिला फोन लाव ना," लिंबानी म्हणाला. "आमच्याकडेच का आलीस, विचार. तिच्या तोंडचं वाक्यच सरांना ऐकवू. मग बघू काय बोलतात ते!"

फोन नवऱ्यानं उचलला. मागे माणसांचा गलबला होता. सोमवारची फेरी बाळंतपणासाठी होती, तेव्हा वेझीला वाटलं, बाळ बघायला गाव लोटलंय.

"दादा, आमची गाडी तुम्ही दोनदा बोलावलीत. आवडली ना?"

"चांगली आहे, ताई," तो सावकाश म्हणाला. "सोमवारी खड्ड्यांनी फार हाल झाले तिचे. सारखी म्हणत होती, हळू घ्या, हळू घ्या. पण हळू कसं घेणार? काल मात्र तुमचा माणूस अगदी जपून आला."

"आता बरं आहे ना त्यांना?"

 तो आवाज खाली आणून, जणू वेझीलाच वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "काल तिची माती होती, ताई. लेकरूही गेलं. हॉस्पिटलातून घरी आणायला मिनीबसवाले मढं घेत नाहीत. तुमच्या गाडीत तिला पाय लांब करून झोपवता आलं. फार उपकार झाले."

 तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, तसा त्यानं फोन ठेवला.

फोन स्पीकरवर असल्यानं लिंबानीनं सगळं ऐकलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. मग म्हणाला, "तरी नियमात बसतंय, वेझी. नाव तेच, नंबर तोच. आपण खोटं कुठे बोलतोय?"

"लाज नाही वाटत तुला?"

"वाटते ना! पण खोली गेली की वेल्डिंगचं मशीन गेलं. मग दुसरी गाडी कशावर बनवू? सोमवारी तिला ताटकळत का राहावं लागलं, आठव ना. आपली गाडी दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. एकच आहे म्हणून!"

 वेझीला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं.

तेवढ्यात दार ढकलून कपांडा सर आत आले. त्यांची नजर आधी फळ्यावर गेली आणि चेहरा खुलला. "अरे वा! शाब्बास रे पोरांनो! कोण परत आलं?"

लिंबानी घाईघाईनं उठला, डोळे पुसले. त्यानं वेझीकडे असं पाहिलं, की बाई, तुझ्या पाया पडतो, एवढं बोलू नकोस.

"एनेलेसी नावाची बाई होती, सर," वेझी म्हणाली.  "ती परत आली नाही. तिला परत आणलं."